साहेबांचं पान सगळ्यात वर

जालन्यातल्या एका शिक्षण संस्थेची वेबसाइट मी सांभाळायचो. त्या नोकरीचा असा वीट आला होता की ऑफिसचा जिना चढतानाच तोंड कडू व्हायचं. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, वर भिंतीवर 'स्वच्छता राखा', आणि आत साहेबांचा माणूस. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ते वर्षात एकदा दिसायचे, रोज दिसायचा तो त्यांचा माणूस. त्याचा हुद्दा काय होता देव जाणे, पण त्याला विचारल्याशिवाय ऑफिसातला पंखासुद्धा लागत नव्हता.

बारावीचे निकाल लागले होते. मुलींच्या वसतिगृहाचे फॉर्म त्या वर्षी पहिल्यांदाच ऑनलाइन घेतले जाणार होते. नेमकी तेव्हाच पदाधिकाऱ्यांना हौस आली. प्रत्येकाला वेबसाइटवर स्वतःचं पान पाहिजे, आणि संस्थेच्या पत्त्यापुढं नुसतं नाव टाकलं की ते उघडलं पाहिजे. बरं, करून दिलं. वेबसाइट पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेली. तिच्या पोटात पत्त्यांची एक यादी असते. कुणी एखादा पत्ता टाकला की सॉफ्टवेअर ती यादी वरून खाली वाचत जातं, आणि पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथंच थांबतं. पुढं बघतसुद्धा नाही. पदाधिकाऱ्यांची ओळ अशी होती की कुठलाही एक शब्द आला, तर ते माणसाचं नावच आहे असं ती धरून चालायची. असली अधाशी ओळ यादीत सगळ्यात शेवटी ठेवावी लागते, आणि मी ती तिथंच ठेवली होती.

एक दिवस साहेबांचा माणूस खारी खात खात माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. स्क्रीनवर तीच यादी उघडी होती, तळाच्या ओळीपुढं 'पदाधिकारी' असं लिहिलेलं.

"हे काय? साहेबांचं इतकं खाली?"

"ही आतली यादी आहे सर. बाहेर कुणाला दिसत न्हाई."

"मला दिसून राह्यली ना! वसतिगृह वर, ग्रंथालय वर, आन साहेब कुठं, चपला काढायच्या जागी? लग्नाच्या पत्रिकेत असं नाव टाकलं अस्तं तर लोक जेवायला बसले नस्ते."

आणि त्यानं ते तुपकट बोट माझ्या स्क्रीनवर टेकवून खालून वर ओढत नेलं. "हितं घ्या. बिलकुल वर."

समजावून सांगता आलं असतं. दोनदा तोंडही उघडलं. पण समोर तो खारीचा भुगा मिशीला लागलेला चेहरा बघितला आणि वाटलं, जाऊ दे, कोण डोकं फोडून घेणार. घाल बाबा तुझ्या साहेबाला डोक्यावर. त्याला आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं, म्हणून थेट सर्व्हरवर, म्हणजे लोक बघतात त्या चालू वेबसाइटवर, ती ओळ उचलून सगळ्यात वर टाकली. साहेबांचं पान उघडून दाखवलं. साहेब हसतमुख, हार घातलेले. तो खूश होऊन चहाला गेला. बाकीचं एकही पान मी उघडून बघितलं नाही. याची मला अजून शिसारी येते.

पुढचे तीन दिवस फोन येत राहिले. फॉर्म उघडत नाही, फॉर्म दिसत नाही. मी माझ्या लॅपटॉपवर ठेवलेल्या वेबसाइटच्या प्रतीत बघायचो, तर तिथं जुनीच यादी, सगळं बराबर चालू. वर टाकलेली ती ओळ डोक्यातून पार गेली होती. मग काय, "मोबाईल बंद करून चालू करा," "रेंजमध्ये जाऊन बघा." साहेबांचा माणूस म्हणायचा, "खेड्यातल्या लोकांना जमत न्हाई हो हे." आणि मी मान हलवायचो! मी, घनसावंगीच्या जीपला मागं लटकून कॉलेज केलेला माणूस. थू!

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मावशीचा फोन आला. तिची मुलगी बारावीला चांगली पास झाली होती आणि तिला जालन्याला बीएस्सी करायचं होतं. काका, म्हणजे मावशीचे मालक, एकाच अटीवर कबूल झाले होते. वसतिगृह मिळालं तर जा, रोजचं जीपनं जाणं-येणं चालणार नाही. फॉर्मची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती.

"न्हाई म्हणले रे तिला," मावशी म्हणाली. "सकाळपासून रडून राह्यली."

"कोण न्हाई म्हणलं? अजून वसतिगृहाची यादी लागायचीय मावशी."

"मोबाईलवर लिहून आलंय की!"

तिनं फोटो पाठवला. पोरीनं वसतिगृहाचं पान उघडलं होतं, आणि स्क्रीनवर ठळक अक्षरात आलं होतं: 'या नावाची व्यक्ती आमच्या संस्थेत नाही.'

ते वाक्य माझं होतं. पदाधिकाऱ्याचं नाव कुणी चुकीचं टाकलं तर दिसावं म्हणून मीच लिहिलेलं. वर बसवलेल्या त्या ओळीनं 'वसतिगृह' हा शब्द माणसाचं नाव समजून गिळला होता, असा माणूस काही सापडला नव्हता, आणि पोरीनं ते उत्तर स्वतःबद्दल वाचलं होतं.

दुरुस्ती किती, तर दोन मिनिटांची. ओळ कापली, खाली टाकली, सर्व्हर परत चालू केला. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. तीन दिवस वसतिगृहाचाच पत्ता, ओळीखाली ओळ. प्रत्येकीला तेच उत्तर गेलेलं. त्या नोंदीत कुणाचं नाव नसतं, फोन नसतो. कुणाला कळवणार, कपाळ!

मावसबहिणीला फोन लावून मीच तिचा फॉर्म भरायला बसलो. नाव, मार्क, दाखला, सगळं झालं. शेवटी पालकांच्या मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी जातो, तो काकांच्या फोनवर गेला. काका तो सांगेनात.

"एकदा न्हाई म्हणले ना? मंग झालं. मी कुणाच्या दारात दुसऱ्यांदा जात न्हाई."

"काका, मशीनची चूक झाली."

"मी सोता वाचलंय. माझ्या पोरीला कुणी ओळखत न्हाई म्हणतेत. नका ओळखू. आमचं काय अडलंय?"

मागून पोरीचा आवाज येत होता, "पप्पा, द्या ना, पप्पा." सव्वाचार झाले होते. मशीन, सर्व्हर, नेटवर्क, सगळी नावं घेऊन बघितली, पण काका हलेनात. शेवटी जे होतं ते सगळं सांगून टाकलं. साहेबांची हौस, ती यादी, तो माणूस, त्याचं बोट.

"ते वाक्य मीच लिहिलंय काका. आणि साहेबांना वर मीच टाकलं."

"तुला म्हाईत होतं का, असं होईल म्हणून?"

"हो."

"मंग बोलला का न्हाईस?"

"वैताग आल्ता काका."

"वैताग," ते म्हणाले. मला वाटलं, आता फोन ठेवणार. आणि एकदम सहा आकडे सांगितले, एकेक करून, सावकाश. फॉर्म जमा झाला.

"झाला का?"

"झाला काका."

"बरं. आता तुझ्या साहेबाला परत वर बसव. न्हाईतर तुला घरी बसवतील."

शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेबांच्या माणसाचा फोन आला. ऑफिसातल्या कुणीतरी माझी स्क्रीन बघून त्याला कळवलं होतं. आवाज तापलेला. "कुणाला विचारून खाली घेतलं? यादीचा स्क्रीनशॉट पाठवा मला, साहेबांना दाखवायचाय." या खेपेला मी एकट्या साहेबांच्या नावाची वेगळी ओळ करू शकत होतो. ती वर टाकली तर दुसरं काही गिळणार नव्हती. म्हणजे बिघडणार काहीच नव्हतं. पण नोंदवहीतल्या त्या पोरींच्या ओळी माझ्यासमोर उघड्या होत्या, आणि फॉर्मची मुदत दोन दिवस वाढवा, एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

"हो सर, घेतो वर," मी म्हणालो, आणि साहेबांची वेगळी ओळ करून वर टाकली. मुदतीचं तोंडातून निघालंच नाही.