फलाटावरच्या माणसाचा गाल

अन्याय झाला तो बिड्या वळणाऱ्या एका बाईवर. कधी झाला तेही सांगतो. १९५७ साली, दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तंबूतल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला, दिवेलागणीच्या वेळी. बाईचं नाव लिहीत नाही. तिनंच बजावलं होतं, "माझं नाव छापू नको गा बापू. छापशीन तं मले ते पालथं करून वाचा लागंन."

ही थट्टा नव्हती. तिच्या हातात कोणताही कागद द्या, ती तो आधी पालथा करायची, उन्हाकडे धरायची आणि मागून उमटलेली अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचत जायची. बिडी कामगारांच्या संघटनेच्या पहिल्या पत्रकाचा गठ्ठा घेऊन मी कारखान्याच्या पडवीत गेलो तेव्हा तिनं असंच केलं. गुलाबी, पातळ कागद. डोळे बारीक करून तिनं मथळा लावला, "काम-गार बंधूं-नो." मग पडवीभर नजर फिरवली. तीस बायका सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या, पुरुष दोन.

"अना बहिनी कुठी गेल्या?" तिनं विचारलं.

पडवी हसली. पुढच्या पत्रकात भगिनी आल्या, त्या तिच्यामुळे.

ती अशी उलटं वाचायला का शिकली, हे तुम्ही जाणून घ्यायला हवं, कारण त्यात तुमचाही हात आहे. आमच्याकडे पावसाळा सरला की सिनेमाचा तंबू येतो. पडद्यासमोर गाव बसतं. पडद्यामागे एक दोरी बांधतात आणि दोरीच्या पलीकडे, जमिनीवर, तिच्या मोहल्ल्यातली माणसं बसतात. अस्पृश्यता कायद्यानं गेली, दोरीनं राहिली. सिनेमा तोच, पण मागून. पडद्यावर अक्षरं उमटली की तंबूवाला भोंग्यातून ती मोठ्यानं वाचायचा, 'मध्यांतर', 'पुढील आकर्षण'. कानानं ऐकलेलं आणि डोळ्यांनी दिसलेलं जुळवत जुळवत ही बाई अक्षरं शिकली. शाळा नाही, पाटी नाही, मास्तर नाही. फक्त सगळी अक्षरं उलटी.

ट्रेलरला ती 'टेलर' म्हणायची. मी एकदा चूक दाखवली तर माझ्याकडेच कीव केल्यासारखं पाहिलं. "टेलर म्हंजे दर्जी. कापडाचे तुकडे कापून दाखवते अना म्हनते, आता सांग अंगरखा कसा होईन." तो अंगरखा ती दुसऱ्या दिवशी पडवीत शिवायची. पान कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत ती न आलेल्या सिनेमाची अख्खी गोष्ट सांगायची. "ही पोरगी वाचत नाही, पाह्यजो. पहिल्याच तुकड्यात तिच्या मागं दिवा इजला." हात सगळ्यांचे चालू, कान तिच्याकडे. पुढे खरा सिनेमा यायचा आणि ती पोरगी जिवंत राहायची. त्यावर तिचा ठरलेला निकाल, "दर्ज्यानं बरोबर कापलं होतं. शिवनाऱ्यानं बिघडवलं."

शेजारी बसणारी एक जाडजूड बाई तिला चिडवायची, "बुढे, तुह्या टेलरनं मले रडवलं अना खऱ्या सिनेमात मी झोपली."

तिच्या मते सिनेमातली माणसं एका वेगळ्याच मुलखातली होती. त्या मुलखात सगळे डावखुरे. डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं कुंकू लावतात, बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. "त्यायची रीतच तशी," ती म्हणायची. कोणी तिला खरं सांगितलं नव्हतं. पुढे बसणाऱ्यांना मागचं ठाऊक नव्हतं, आणि मागच्यांनी पुढून कधी पाहिलंच नव्हतं.

खरं मी सांगितलं. तेही रागाच्या भरात, काही विचार न करता.

त्याआधी चार दिवस ती रोज तंबूत जाऊन येत होती. मध्यांतरात पुढच्या सिनेमाचा ट्रेलर लागायचा, तेवढा पाहून परत यायची. त्यात एक रेल्वेचा फलाट होता. नायिका सुटलेल्या गाडीमागे धावते, आणि मागच्या गर्दीत, हमालाच्या बाजूला, एक माणूस क्षणभर तोंड वळवतो.

"माझ्या पोरासारखा," ती पडवीत म्हणाली. तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी नागपूरला गिरणीत काम शोधायला गेला. तिथून कोणी म्हणालं मुंबईला गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. लहानपणी धान उकडायच्या हंड्याची वाफ लागून त्याचा गाल भाजला होता. चिंचोक्याएवढा डाग. "नाक तसंच. मान वळवनं तसंच. पन डाग डाव्या गालावर. माह्या पोराचा उजव्या. नाही, तो नोहे."

मी पत्रकं मोजत होतो. म्हणालो, "मावशी, तुम्हाले मागं बसवतात म्हणून. मागून सगळं उलटं दिसते. डावं ते उजवं, उजवं ते डावं. हाच तं अन्याय आहे!" आणि मी अन्यायावर बोलत सुटलो.

तिच्या बोटांतली अर्धी वळलेली बिडी उलगडली, तंबाखू मांडीवर सांडला. तिनं आपला उजवा हात गालाला लावला. मग डावा लावला. पुन्हा उजवा.

"चार दिवस, चार डाव त्यानं माझ्याकडं पाह्यलं," ती हळू म्हणाली. "अना चारही डाव मी त्याले म्हटलं, तू नोहेस."

तो सिनेमा मंडईच्या दुसऱ्या दिवशी लागला. तिला एकच हवं होतं. "मले त्याले सुदं पाहाचं आहे बापू. एक डाव. मंग मले मागं बसवा नाहीतं बाहेर बसवा." पुढचं तिकीट मी काढून आणलं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि केसांना तेल लावलं, जणू पडद्यावरून तोही तिला पाहणार होता.

तंबूच्या तोंडाशी तंबूवाल्यानं हात आडवा धरला. "अम्मा, तुम्हारा रास्ता पीछे से है. रोज आती हो, पता नहीं?"

"आज पुढचं तिकीट आहे," ती म्हणाली.

"टिकट किसने दिया इनको?"

मी पुढे झालो. खिशातलं पत्रक काढलं. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा होऊन दोन वर्षं झाली, शिक्षा काय आहे, सगळं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुढचे लोक उठून जातील. मी म्हणालो, जाऊ देत. मागे लोक जमले. आत खेळ सुरू झाला. कनात उघडी राहून उजेड आत जात होता, तर आतून कोणीतरी ओरडलं, "अबे, परदा लाव ना बे! दिसून नाही राह्यलं!"

आत तीनशे माणसं तरी होती. शेतकरी होते, दुकानदार होते, मास्तर होते. माझी पत्रकं घेऊन वाहवा म्हणणारे होते. तिच्या बाजूनं एकही उठला नाही.

तिनं माझी बाही ओढली. "बापू, मी मागं जातो. आता मले समजते ना. उलटं पाहीन अना मनात सुदं करून घेईन. फलाट निघून जाईन गा."

आणि मी म्हणालो, "नाही मावशी. आज मागं गेली तं जल्मभर मागंच राहाशीन."

तिनं माझं ऐकलं. मी वाचायला शिकलेला माणूस, सरळ अक्षरांचा. तिला वाटलं असेल, याला ठाऊक असेल.

मी भांडत राहिलो. ती कनातीला टेकून जमिनीवर बसली, तळहात कापडावर सपाट ठेवून. आतून इंजिनाची शिट्टी आली, पावलांची धाव आली, नायिकेची हाक आली.

"आता फलाट," ती म्हणाली.

मग बराच वेळ आतून नुसतं संगीत वाजत राहिलं.

"गेली गाडी."

सकाळी मी तक्रार घेऊन निघालो तोवर तंबूवाल्यानं गाशा गुंडाळला होता. मैदानात खुंट्यांची भोकं तेवढी राहिली. सिनेमाचे डबे कुठे गेले ते कोणी सांगेना. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, दोरी गर्दी आवरायला असते.

त्यानंतर तिनं गोष्ट सांगितली नाही. बिड्या वळायची, पानं कापायची. कोणी म्हणालं, "बुढे, टेलर सांग ना," तर मान हलवायची. एकदाच तिनं मला विचारलं, "पुढं बसले होते त्यायनं तं पाह्यलं असंन?"

मी गावभर फिरलो. दुकानात, लाकडाच्या आरा मशीनवर, शाळेत. सगळ्यांना नायिका आठवत होती. तिची साडी, तिचं धावणं, तिचं पडणं. गर्दीतला माणूस एकालाही आठवेना. एकजण हसून म्हणाला, "गर्दीकडं कोन पाहते बे?"

हे मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, विचारून राहिलो आहे. पुढच्या मंडईच्या आत ती छातीच्या खोकल्यानं गेली. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तेव्हा ती कोपऱ्याकडे तोंड करून पडली होती. कुडाच्या फटीतून उजेड येत होता, आणि तिनं माझं नवं पत्रक त्या उजेडावर पालथं धरलं होतं. अजून वाचतच होती.

यंदा तंबू पुन्हा आला, दुसऱ्या कोणाचा. दोरी आहेच. मी मागे जाऊन बसलो. पडद्यावर सगळे डावखुरे जेवत होते. मध्यांतरात ट्रेलर लागला, आणि शेजारून कोणी म्हणेल असं वाटलं, ही पोरगी वाचत नाही, पाह्यजो. शेजारी रिकामं पोतं होतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. कीव नको, वर्गणी नको. तुमच्यापैकी ज्यांनी तो सिनेमा पाहिला, ते सगळे पुढे बसून पाहत होते, म्हणजे तुम्हाला सरळ दिसलं. आठवा. फलाट, सुटलेली गाडी, धावणारी बाई. तिच्यावरची नजर काढा आणि हमालाच्या बाजूला पाहा. तिथं एक माणूस मान वळवतो. त्याच्या कोणत्या गालावर डाग आहे?

उजव्या असेल तर मला कळवा. त्याची आई गेली, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.