पिठातलं बेट

मागच्या वैशाखात, माझ्या नातवाच्या हळदीला, भरल्या मांडवात मी पीठ मळायची परात दोन्ही हातांत धरून मोटार चालवून दाखवली. पदर कमरेला खोचला, उलथन्याचा गिअर केला, तोंडानं हॉर्न वाजवला आणि नसलेल्या बकऱ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला इतकी दाद पुन्हा मिळायची नाही. त्या दादेसाठी मी काय करून बसले, ते आज लिहिते आहे. कारण ज्या बाईची ती नक्कल होती, ती माझी धाकटी जाऊ सुमन गेली. दीड महिना झाला.

निरोप आला तेव्हा माझे हात त्याच परातीत होते, ज्वारीच्या पिठात. सुमनचा मुलगा प्रकाश फोनवर एवढंच म्हणाला, "काकू, आई उठूनच नाही राह्यली." मी तशीच ऑटोत बसले. आमच्या मावल्याहून प्रकाशच्या घरी, आदिलाबादला जायला असा किती वेळ लागतो... पण पोचेपर्यंत बोटांवरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. तिच्या पायाला हात लावताना ते पीठ तिच्या पायाला लागलं. सुनेनं पुसायला फडकं आणलं. मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं, ते त्या घरात कोणालाच समजणार नव्हतं, आणि सांगायची माझी छाती नव्हती.

सुमन आमच्या घरात आली ती खाली मान घालून. ती मान वर झाली ती दीर गेल्यावर. मावल्याला आमचा भाजीचा मळा. दिरांची मालाची व्हॅन अंगणात उभी राहिली आणि वांगी खांद्यावर न्यायची वेळ आली, तेव्हा ही शेजारच्या ड्रायव्हरकडून गाडी शिकली. तेव्हाची मी कशी होते, ते सांगते. मी म्हणाले, "बाईनं आणलेल्या भाजीले कोन हात लावन?" मोठ्या जावेचा तोरा, दुसरं काय. आणि पुढच्याच महिन्यात इचोड्याच्या लग्नाला त्याच गाडीत, तिच्या बाजूला, काळा चष्मा लावून मी बसले होते. माझ्या मावसबहिणीचं घर आलं तशी म्हणाले, "वाजव जरा हॉर्न, समजू दे त्यायले." तिनं वाजवला. हसली नाही, टोमणा मारला नाही. तिचा स्वभावच तो. माझी सगळी नाटकं ती गाडीत घालून पोचवायची.

ती व्हॅन सुमननं वर्षानुवर्षं चालवली. मेथी, वांगी, फुलगोबी, कधी कोणाचा फ्रीज, कधी कोणाची अडलेली सून. मावला, आदिलाबाद, इचोडा, की परत मावला. मग तिची मुलगी वैशाली नर्स होऊन जर्मनीला गेली आणि तिथून तिनं एका बेटाचे फोटो पाठवले. आइसलँड. काळे डोंगर, त्यांवरून सांडणारं पाणी, आणि समुद्राच्या कडेनं जाणारा एक रस्ता. तो सगळ्या बेटाला फेरा घालून निघाल्या जागी परत येतो. सुमननं तो फोटो किती वेळ पाहिला. मी विचारलं, काय पाहून राह्यली एवढं? तर म्हणाली, "अक्का, मी आजवर रिकामी गाडी कवा चालवलीच नाही. जाताना माल, येताना कोनाचं तरी काम. एकदा नुसतं चालवत जायचं हाय मले. कोनाकडं उतरायचं नाही, काही उतरवायचं नाही."

मी म्हटलं, "मग मी काय इथं बसून माशा मारू?"

"तुमाले सोडून जाईन काय मी," ती म्हणाली.

झालं. तिथून आमचा खेळ सुरू झाला. दुपारी जेवणं झाली की सुमन आपल्या वाड्यातून माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी संध्याकाळच्या भाकरीसाठी परातीत पीठ काढून ठेवलेलं असायचं. ते ती तळहातानं सपाट करायची आणि बोटानं बेट काढायची. "फुलगोबीचा गड्डा घ्या," म्हणायची, "आन ह्या कोपऱ्याले अळी लागली समजा. तिथं समुद्र आत घुसला हाय. तो कोपरा सोडून देऊ, तिथला रस्ता लय वाकडा." मग रस्ता. मग चिंचोक्याची गाडी, ती मी ढकलायची. धबधब्याला मीठ. आमचा मुक्काम कुठं, जेवण कुठं, पेट्रोल कुठं, सगळं पिठात. तिथं उन्हाळ्यात रात्र होतच नाही म्हटल्यासारखी, हे कळल्यावर मी अडून बसले: "मग सांजवात कवा लावायची?" सुमन म्हणाली, "घरून लावून निघू." आणि चार वाजले की मी त्या बेटावर पाणी ओतायची, मळायची आणि भाकऱ्या थापायची. तो अख्खा उन्हाळा आम्ही रोज एक देश भाजून खाल्ला. घरच्यांना कळलंसुद्धा नाही.

वैशाली एकदा फोनवर दिसली तेव्हा हौसेनं म्हणाली, "आई, खरंच या तुम्ही. तिथं भाड्याची गाडी तुझ्या नावावर घेऊ. मी पुढं बसून रस्ता सांगते." सुमन म्हणाली, "पुढं अक्का बसन. तू मागं." वैशाली हसली, "काकूला मोबाइलचा नकाशा सरळ धरता येते का?" येत नव्हता. मी उलटा धरायचे आणि समुद्रात घालायचे. पण सुमन ठाम होती. पुढची सीट अक्काची.

तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून सराव पाहिजे. कापसाचा हंगाम संपला की आदिलाबादचं बाजाराचं आवार उन्हात मोकळं पडून असतं. तिथं आम्ही जायचो. बारदाण्याच्या घड्या मांडून सुमननं रस्ता केला, चौक केला, आणि एक अरुंद पूल केला. तिकडं म्हणे असे एकाच गाडीपुरते पूल असतात. जो आधी पोचला तो जातो, दुसरा थांबतो, कोणी कोणावर हॉर्न वाजवत नाही. समोरून येणारी गाडी मी. डोक्यावर छत्री, पायांत चपला, तोंडानं घर्र घर्र. पुलाशी मी थांबायचं की तिनं, यावरून आमचं भांडण व्हायचं. चौकीदार एकदा लांबून ओरडला, "अम्मा, उल्टे बाजू से कायकू जारे?" सुमन खिडकीतून म्हणाली, "आदत डाल रही बाबा."

आणखी एक सवय तिनं लावून घेतली होती. त्या बेटावर वारा इतका की उघडलेलं दार तो हिसकून मोडतो, म्हणून दार दोन्ही हातांनी घट्ट धरून, हळूहळू उघडायचं. आमच्याकडं मे महिन्यात कडुलिंबाचं पान हलत नाही. त्या उन्हात ही बाई व्हॅनचं दार दोन्ही हातांनी असं धरायची, जशी बाहेर वावटळ उभी आहे. मी फार हसायचे. पण मीसुद्धा तसंच उघडायला लागले होते, हेही लिहिलं पाहिजे.

तिकडं चालणारा परवाना आला. व्हिसासाठी हैदराबादला बोटांचे ठसे द्यायला दोघींनी जायचं ठरलं. सुमननं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. "ठसे देऊन आलो की प्रकाशले मी माझ्या तोंडानं सांगतो. त्याले नीट समजावून सांगतो. तवरोक तुमी बोलू नका, अक्का." मी परातीवर हात ठेवून शपथ घेतली होती.

आणि मग ती हळद. प्रकाशची सासुरवाडी इचोड्याची, ती मंडळी आलेली. सगळ्या बायका पिवळ्या झाल्या होत्या, सुमनच्या गालांवर हळद होती आणि ती माझ्या सुनेच्या केसातलं फूल नीट करत होती. प्रकाशच्या सासूबाईंनी विचारलं, "काहो, आमचा ड्रायव्हर सांगत होता, बाजाराच्या आवारात दोघी म्हाताऱ्या उलटी गाडी चालवून राह्यल्या. एक तर म्हने पायी पायीच हॉर्न वाजवत होती. कोन होत्या त्या?" बायका हसायला लागल्या होत्या. अजून कोणाला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की आता हे हसू माझ्यावर येणार, छत्री घेऊन घर्र घर्र करणाऱ्या म्हातारीवर. जन्मभर मी लोकांना हसवलं, पण कोण हसणार आणि कोणाला, ते मीच ठरवायचे. तेव्हा मी उठले. परात उचलली.

मी सगळं केलं. सुमनची सरळ ताठ मान, तिचं ओठ चावणं, दार धरायची तऱ्हा. "ही आमची विलायतची डायवरीन," मी म्हणाले, "बर्फाच्या देशाले चालली, तिथल्या बकऱ्या हाकायले." कोणीतरी विचारलं, "आन तुमी बी जानार काय, अक्का?" मी परात फिरवत म्हणाले, "मी? माझं डोकं अजून ठिकाणावर हाय बाप्पा." मांडव कोसळला हसून. प्रकाश चहाचे ग्लास घेऊन दाराशी उभा होता. त्याच्या मेव्हण्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय जावईबापू, आई तिकडं टॅक्सी टाकून राह्यल्या काय?" प्रकाशचा चेहरा पाहिला मी. मग सुमनचा पाहिला. ती हसत होती, सगळ्यांसारखी. फक्त हातावरची सुकलेली हळद नखानं काढत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली प्रकाशच्या खिशात गेली. व्हॅन इचोड्याच्या एका ढाबेवाल्यानं घेतली. आईनं आता आराम करावा म्हणून प्रकाश तिला आदिलाबादला आपल्या घरी घेऊन गेला. मळा वाट्यानं दिला. वैशाली फोनवर रडली, पण सुमननं तिला प्रकाशशी काही बोलू दिलं नाही. आणि मी... मी प्रकाशला एक वाक्य सांगायचं होतं, की बाबा, मीसुद्धा जाणार होते. एवढं तोंड चालणारी बाई मी, पण ते वाक्य काही निघालं नाही. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळीला सांगू.

दिवाळीला ते सगळे मावल्याला आले. आमची शेवटची भेट ती. प्रकाशनं अंगणात कार उभी केली. मागच्या सीटवर सुमन होती. तिनं दार उघडलं ते दोन्ही हातांनी, घट्ट धरून, हळूहळू. प्रकाश म्हणाला, "आई, सोड ना दार, पडत नाही ते." तिनं सोडलं नाही. पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत धरून ठेवलं, मग लावलं. मी पायरीवर उभी होते. अंगणातल्या पणतीची वातसुद्धा हलत नव्हती. मी रांगोळीचा डबा शोधायला आत निघून गेले. डबा माझ्या हातातच होता.

दहाव्याला मळ्याकडं जाताना मी प्रकाशला थांबवलं आणि अखेर ते वाक्य बोलले. "मी बी जानार होती रे तिच्यासंगं. पुढच्या शीटवर." तो म्हणाला, "काकू, मले वाटलं आई इथून एकटीच चालली. त्या दिवशी तुमी तसंच दाखवलं. दोघी हाय म्हटलं असतं, तर मी काऊन अडवलं असतं?" त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

परात अजून तीच आहे. सून म्हणते, ॲल्युमिनियमची भांडी आता कोण वापरतं, स्टीलची घेऊ. मी देत नाही. दुपारी पीठ काढते, तळहातानं सपाट करते, गोबीचा गड्डा काढते, अळी लागलेला कोपरा सोडून देते. चिंचोका ठेवते. तो ढकलायला मात्र बोट पुढं होत नाही. मग पाणी ओतते.

हळदीच्या त्या संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर ही परात सुमनच घासत होती. मी मागं जाऊन उभी राहिले. वाटलं, आता बोलेल, भांडेल, निदान परात आपटेल. मीच म्हणाले, "गंमत केली गं. रागावली काय?" तिनं परात पालथी घातली, हात पुसले, आणि मेथीच्या जुडीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "नाही अक्का. तुमी सारं बराबर केलं. फक्त गाडी डाव्या बाजूनं नेली, तिकडं उजव्या बाजूनं जाते. आन बाजूच्या शीटवर कोनी बसलंच नोतं."