काचेचं वजन

नगरच्या भंगारबाजारातल्या त्या बाईंइतकं प्रामाणिक माणूस मी पाहिलं नाही, आणि पुन्हा पाहायची हिंमतही नाही.

मला हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवण्याचं, लायसन नुकतंच मिळालं होतं. परदेशी नवा सेट माझ्या पगारात बसणारा नव्हता. बाईंच्या ढिगात लष्कराचा जुना रेडिओ रिसीव्हर दिसला. झाकण उघडलं, तर ज्यांच्यावर अख्खा सेट चालतो, ते आतले काचेचे व्हॉल्व्ह सगळे शाबूत. नव्याच्या तोंडात मारेल असा सेट! आनंद लपवत म्हणालो, "मावशी, हा तोला."

त्यांनी पदर खोचला आणि मी ओरडेपर्यंत हातोडीनं सगळे व्हॉल्व्ह फोडून झटकून टाकले.

"आमी काचेचं वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालत न्हाई."

रिकामा डबा पदरानं पुसून त्यांनी तराजूत ठेवला.

"बगा, कसा नव्यावानी झाला!"