मंजुळाबाईंना हवा होता मस्कतचा पास

पाचोडच्या मंजुळाबाईंचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. जिल्हा कुठं संपतो हे मेंढरांनी कधी विचारलं नाही, त्यामुळं बाईंनाही कधी कळलं नाही. लेक गोदा मात्र नवऱ्यासोबत थेट मस्कतला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. तेवढ्यात कोरोना आला आणि विमानं बंद झाली. नवव्या महिन्यात जावई दवाखान्यात पडला आणि गोदा परक्या मुलखात खोलीवर एकटी उरली.

जिल्हा ओलांडायला पोलिसांचा पास लागतो, असं कुणीतरी सांगितलं. बाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन संभाजीनगरला चौकीवर हजर.

"सायेब, मस्कतचा पास द्या."

"मावशी, त्यो जिल्हा नाय, दुसरा देश हाय."

"असंल. किती मुक्काम पडत्याल?"

हवालदारानं कपाळाला हात लावला. "आन् गेलात तरी चौदा दिवस गावाबाहेर ठेवत्यात."

"चौदाच? आमी सारी हयात गावाबाहेर काढली, सायेब. गावात कोण राहू देतंय?"

हवालदाराचं हसू मास्कच्या आतच विरलं. "कुणालाच सोडत नाय, मावशी. वाटच बंद हाय."

बाईंनी लाडवांचा डबा खाली ठेवला.

"मग तिथल्या पोलिसाला फोन लावा. म्हणावं, शेजारची एखादी बाई लेकीपाशी बसवा. बोली नाय कळली तरी चालंल. नुसता हात धरावा."

हवालदारानं फोन उचलला. पण तो कुणाला लावायचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.