‘हँड’ या शब्दाचे रशियन अर्थ

गेल्या वर्षी मला एक काम आलं. मोबाइलवरच्या इंग्रजी-रशियन शब्दकोशासाठी रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द घ्यायचे आणि त्यांचे सगळे अर्थ, सगळे वाक्प्रचार रशियनमध्ये द्यायचे. पहिलाच शब्द निघाला ‘हँड’. म्हटलं, हात तर हात, दोन दिवसांत उरकू. उभा जन्म यंत्रांची रशियन माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणण्यात गेला, त्यामुळे स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री होती. त्या हाताने माझा चांगला घाम काढला.

इंग्रजीत एखादी वस्तू हाताशी असते, रशियनमध्ये ती हाताखाली असते. इंग्रज माणूस कामात बुडाला की त्याचे हात भरलेले असतात. रशियन माणसाचं तोंड भरलेलं असतं, कटकटींनी. ‘ऑन दि अदर हँड’ म्हणावं तर रशियनमध्ये हात गायबच, नुसती दुसरी बाजू उरते. असं काही अडलं की मी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक जिना उतरून काकूंकडे जायचे. काकू मूळच्या रशियाच्या. मला रशियन शिकवलं त्यांनीच, तेही फुकट, वर उकडलेले बटाटे खायला घालून.

तिकडे शिकायला गेलेल्या पुण्याच्या एका इंजिनिअरशी लग्न करून त्या तरुणपणी इथे आल्या. सासर सदाशिव पेठेतलं. तिथे परक्या सुनेला कोणी टाकून बोललं नाही. फक्त तिचा ‘ळ’ ऐकला. काकूंनी केळं मागितलं की त्याचं ‘केलं’ व्हायचं, आणि जाऊबाई अगदी शांतपणे विचारायच्या, “काय केलंत?” सगळं घर हसायचं, काकूही हसायच्या. आत काय होत होतं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मुलगा झाला तेव्हा काकूंनी मनाशी ठरवलं की याच्या कानावर रशियन पडू द्यायचं नाही. आपल्यामुळे त्याची जीभ वाकडी व्हायला नको, त्याला कोणी हसायला नको. अंगाईसुद्धा त्यांनी त्याला आपल्या मोडक्या मराठीत म्हटली. परिणाम असा झाला की तो इतकं स्वच्छ मराठी बोलतो, की त्याच्यापुढे बोलताना मीच दोनदा विचार करते. रशियन म्हणाल तर शून्य. पुढे ते कर्वेनगरला राहायला आले आणि काकूंचं सगळं रशियन वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या वाट्याला आलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मी खुशीत होते.

माझं ‘हँड’ सुरू झालं त्याच सुमारास काकूंचं विसरणं वाढलं. आधी इंग्रजी गेलं, मग मराठी विरत गेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेल्या भाषा आधी जातात. एका सकाळी काकूंनी मुलाला खिडकी उघडायला सांगितलं ते रशियनमध्ये. त्याने पंखा लावला, मग दिवा लावला, मग पांघरूण आणलं. रशियन जाणणारे काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्या चिडून रडायला लागल्या तसा तो धावत माझ्याकडे आला. मी जाऊन खिडकी उघडली.

तेव्हापासून मी रोज दुपारी खाली जायला लागले. निमित्त हाताचं. गंमत अशी, की सकाळी काय खाल्लं ते काकूंना आठवायचं नाही, पण एखादा वाक्प्रचार विचारला की उत्तर तयार. इंग्रज माणसाला ओळखीची गल्ली हाताच्या मागच्या बाजूइतकी ठाऊक असते. मी तसंच्या तसं रशियन केलं, तर काकू कडाडल्या, “असं कोण बोलतं? आमच्याकडे पाच बोटांसारखी ठाऊक असते.” त्या रागावल्या की मला बरं वाटायचं. जुन्या काकू त्या रागात अजून होत्या.

मुलगा समोर बसायचा. घरूनच नोकरी, पण त्या वेळी लॅपटॉप बंद करायचा आणि नुसता आमची तोंडं बघायचा. एकदा मला म्हणाला, “ताई, ती माझ्याबद्दल काही बोलली तर सांगाल ना? जसं बोलेल तसं. गोड करून नको.”

मी हो म्हटलं. पण काकू त्याच्याबद्दल बोलायच्याच नाहीत. बर्फ, त्यांची आई, कुठल्याशा दुकानापुढची रांग, शेजारणीचं कुत्रं. मी सगळं सांगायचे. तो ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, “आणि?” त्याचं ते ‘आणि’ मला ऐकवत नसे. परक्या बाईला आई कळते आणि पोटच्या पोराला कळत नाही, हे काही बरं नव्हे. मला त्याची लाज वाटायची, माझा काही दोष नसताना.

एका दुपारी तो काकूंची नखं कापत होता. काकू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला रशियनमध्ये म्हणाल्या, “हा कोण गं?”

“तुमचा मुलगा.”

काकू हसल्या. “काहीतरीच. माझा मुलगा लहान आहे, शाळेत गेलाय. हा कोणाचा आहे कोण जाणे. फार हळुवार हात आहे. याची आई सुखी असेल.”

त्याने मान वर केली. “काय म्हणाली?”

गोड करायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला होता. सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. त्याने पुढचं नख कापलं. मग म्हणाला, “लहान मुलगा शाळेत गेलाय म्हणाली?”

“हो.”

“म्हणजे आठवतो मी तिला.” 

मला तिथे बसवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाचच भांडी लावत बसले. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, “ताई, ‘मी तुझा मुलगा’ हे रशियनमध्ये कसं म्हणतात?”

तीनच शब्दांचं वाक्य, पण ‘मुलगा’ या शब्दात एक स्वर आहे तो मराठी तोंडाला सहज येत नाही. ‘इ’ म्हणताना जीभ मागे ओढावी लागते. मी जिन्यात उभी राहून त्याच्याकडून घोकून घेतलं. रात्री त्याने फोनवर आवाज भरून पाठवला, मी चुका काढल्या, त्याने परत पाठवला.

दुसऱ्या दुपारी तो काकूंसमोर खुर्ची ओढून बसला. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, मी तुझा मुलगा. उच्चार चुकला, पण वाक्य कळण्यासारखं होतं. काकूंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी हात सोडवला, त्याची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ओळखलं.

काकू त्याच्या ओठांकडे बघत होत्या. “नाही, नाही,” त्या म्हणाल्या, “जीभ मागे.” आणि तो शब्द त्यांनी सावकाश म्हणून दाखवला. तो त्यांच्यामागून म्हणाला. त्यांनी मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवला. तो पुन्हा म्हणाला.

मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चांगला विद्यार्थी आहे. सुरुवात उशिरा केली, पण येईल त्याला.”

“काय म्हणाली?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने डोळे पुसले, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि परत म्हणाला, मी तुझा मुलगा. काकूंनी त्याची हनुवटी सोडली नव्हती. त्यांनी त्याला तो शब्द आणखी एकदा म्हणायला लावला.