रिसालदारांची नात

शौर्य रक्तातून उतरतं, असं आमचे शेजारी ठामपणे सांगतात. त्यांचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत साधे घोडेस्वार होते. दारावरच्या पाटीवर ते रिसालदार आहेत. ही बढती त्यांना मरणानंतर घरातच मिळाली. शेजारी आता स्वतःलाही रिसालदारच म्हणवतात आणि रिक्षातसुद्धा लगाम धरल्यासारखे ताठ बसतात.

परवा मांडवीच्या किनाऱ्यावर त्यांची नात भाड्याच्या घोड्यावर बसायला घाबरली.

"रिसालदारांची नात तू, घाबरतेस काय गो? हा बघ, मी बसतो!"

घोडेवाल्याच्या खांद्याचा आधार घेऊन ते चढले. डोळे गच्च मिटले, आयाळ दोन्ही मुठींत धरली आणि हुकूम सोडला, "चल!"

बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "किती लांब आलो गो?"

"खूप लांब, आजोबा," नात म्हणाली.

घोडा जागचा हललाच नव्हता.