ताईंची रंगीत शोकसभा

“थांब गं, कडवं संपू दे.”

ताईंना हाक मारली की आधी उजव्या हाताचं बोट वर व्हायचं आणि मग हे वाक्य यायचं. आमच्या लाइनवर फोनला बंदी होती, इअरफोनचं तर नावच नको. गाणं ताईंच्या डोक्यात चालू असायचं. ते कडवं संपेपर्यंत आमचे सुपरवायझरसुद्धा हातातला कागद सांभाळत उभे राहायचे.

चाकणला गाड्यांच्या वायरी बांधणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी सात वर्षं शेजारी उभ्या होतो. वायरीचं टोक खाचेत नीट बसलं की टक् असा आवाज येतो. माझा टक् कधीही, कसाही यायचा. ताईंचा तालात यायचा.

गायिका एकच. ताई तिचं नाव घ्यायच्या नाहीत, “आमची बाई” म्हणायच्या, म्हणून मीही घेत नाही. चमचमते कपडे, केसांना लाल रंग, मागे नाचणारी दहा पोरं आणि वरातीत हमखास वाजणारी गाणी. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या ताईंना हिचं एवढं वेड कशाला, असं तुम्हालाही वाटलं असतं. मला तर वाटलंच. एकदा विचारूनही टाकलं.

“मिस्टर गेले ना, तेव्हा सहा महिने मी कामापुरतंच बोलायचे,” ताई म्हणाल्या. “मग एक दिवस कंपनीच्या बसमध्ये बाईचं गाणं लागलं. त्यात ती नवऱ्याला सांगते, आज भाकरी तू थाप, मी नाचून येते. आणि मला हसूच फुटलं. भर बसमध्ये! आधी लाज वाटली. मग म्हटलं, हसले तर हसले.”

ताईंच्या सासूबाईंना मात्र ते मुळीच रुचलं नाही. “माझा ल्योक गेला, आन् हिला नाचाची गानी सुचत्यात,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. ताई उलट बोलल्या नाहीत. गाणं बंदही केलं नाही. फक्त आवाज बारीक केला. दिघीच्या त्या दोन खोल्यांत सासू बाहेरच्या खोलीत आणि सून स्वयंपाकघरात बाईची गाणी लावून, अशी बारा वर्षं गेली.

बाईची आणि ताईंची भेट एकदाच झाली. निगडीला कार्यक्रम होता, मीही गेले होते. तो संपल्यावर ताईंनी मला ओढत स्टेजच्या मागे नेलं. बाई खरोखरच समोर आली, आणि ताईंच्या तोंडून शब्द निघेना. ओरडून ओरडून घसा पार बसला होता. बाईने पर्समधून ज्येष्ठमधाची एक काडी काढून ताईंच्या हातावर ठेवली.

“माझाही बसतो हो,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही काडी देव्हाऱ्यात जाणार. बसस्टॉप येईपर्यंत ताईंनी ती चघळून संपवली होती. मी बघतेय म्हटल्यावर बसक्या आवाजात म्हणाल्या, “चघळायला दिली होती, पुजायला नाही.”

बाई गेल्याची बातमी पहिल्या शिफ्टच्या चहाच्या वेळी आली. कॅन्टीनमध्ये कुणीतरी फोन बघून ती मोठ्याने वाचली, आणि सगळ्यांनी एकदम ताईंकडे पाहिलं. ताईंनी कप खाली ठेवला. लाइनवर जाऊन अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. मग ऑफिसात गेल्या. मी मागोमाग.

“सुट्टी पाहिजे, साहेब. मयत झालीय.”

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. “कोण गेलं?”

“आमची बाई. गायची ती.”

“आणि नातं काय लिहू?”

ताईंनी जरा विचार केला. “तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.”

साहेब हसणार होते, पण ताईंचा चेहरा बघून थांबले. नात्याचा रकाना कोरा ठेवून त्यांनी सही केली.

रविवारी सकाळी ताईंनी घरापुढच्या अंगणात शोकसभा ठेवली. लाइनवरच्या आम्ही चौदा जणी पांढऱ्या साड्या नेसून गेलो. ताई दारात उभ्या, अंगावर टिकल्या लावलेली मोरपंखी साडी.

“हे काय गं? बाईला कधी पांढऱ्यात बघितलंय का?”

त्यांनी कपाट उघडलं आणि होत्या नव्हत्या त्या साड्या, ओढण्या, शाली आमच्या खांद्यांवर टाकल्या. एकीच्या वाट्याला फुलाफुलांचा टेबलक्लॉथ आला. तिने तो ऐटीत मिरवला.

मग ताई ते भाकरीचं गाणं म्हणायला उभ्या राहिल्या. पहिलं कडवं झोकात झालं. दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. ताई थांबल्या. डोळ्यांना पदर लावला. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दुसरं कडवं कुणालाच येत नव्हतं. वरातीत कधी तिथवर पोचतच नाहीत.

तेवढ्यात उंबऱ्यावरून एक थरथरता आवाज आला. ऐंशीच्या सासूबाई! दाराच्या चौकटीला धरून, समोर कुठेतरी बघत त्या गात होत्या. सूर इकडेतिकडे जात होता, पण शब्द एकही चुकला नाही.

कडवं संपलं.

“आत्याबाई, तुम्हाला येतं?” ताईंनी कसंबसं विचारलं.

“बारा वर्सं ऐकतीया,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या त्या बारीक आवाजाला कान लावून लावून मान आखडली माझी. आता तरी मोठ्यानं लाव.”

अंगणात एवढा हशा उसळला की शेजारचे लोक बघायला आले. शोकसभा होती म्हणून सांगितलं तर त्यांना पटेना. दुपारपर्यंत आम्ही बाईचं एकेक गाणं म्हणत होतो. ताई रडल्याही आणि नाचल्याही.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि सासूबाईंना घेऊन मुलीकडे नाशिकला गेल्या. त्यांच्या जागी आता एक नवी मुलगी आहे. कामाला चांगली, पण गप्प. लाइन फार शांत झालीय.

परवा संध्याकाळी मी आकुर्डी स्टेशनचा पूल चढत होते, तेव्हा ताईंचा फोन आला. पलीकडे नुसता गलका.

“नवीन पोरगी आहे गं गाणारी!” ताई ओरडत होत्या. “आवाज कच्चा आहे अजून, पण धिटाई बघ! मी अगदी पुढे उभी आहे. आत्याबाईंना खुर्ची मिळालीय!”

पुढचं काही कळेना. नंतर त्यांचा आवाजच दूर गेला. फोन त्यांनी हात उंच करून स्टेजकडे धरला असावा. ढोल, शिट्ट्या, आणि मधूनच एका अनोळखी मुलीचा आवाज. मी पुलाच्या कठड्याला टेकून ऐकत राहिले. मागून येणारी माणसं मला वळसा घालून पुढे जात होती.